पुसलेल्या एकेचाळीस फायली

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर ऑफिसात डबा खाताना, करमणूक म्हणून. निर्जन रस्ता, बंद पडलेली गाडी, हात दाखवणारी बाई, आणि दुसऱ्या दिवशी गावकरी सांगतात की ती बाई तर केव्हाच... इथपर्यंत आलं की मी पोळीचा पुढचा तुकडा मोडायचे. विश्वास वगैरे कधी ठेवला नाही. आजही ठेवते असं म्हणणार नाही. सेहेचाळीस वर्षांची आहे, दोन शाळकरी मुलं आहेत, नवरा नोकरीसाठी रोज ब्रेडा शहरापर्यंत जाऊन येतो, मी कोड लिहिते. कशावर नव्याने विश्वास ठेवायला जी ताकद लागते ती माझ्यात उरलेली नाही.

शिवाय माझ्या अनुभवात वातावरणनिर्मिती म्हणाल तर शून्य. मंगळवारची दुपार, पावणेचार वाजलेले, ऑफिसातले सगळे दिवे चालू, आणि शेजारच्या टेबलावर एक डच माणूस केळं सोलत बसलेला. अमावास्या होती का ते मी नंतर कॅलेंडरमध्ये बघितलं. नव्हती.

आमचं ऑफिस नेदरलँड्समध्ये, लायडनच्या सायन्स पार्कात आहे. दुसरा मजला, खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो आणि त्यापलीकडे औषध-संशोधनाच्या काचेच्या इमारती. आम्ही सहा जण. बोलण्याचा त्रास असलेल्या लोकांवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टसाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर बनवतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजातून पंख्याची घरघर, रस्त्यावरची गाडी, खुर्ची सरकल्याचा आवाज काढून टाकायचा, म्हणजे माणूस काय बोलतोय ते स्वच्छ ऐकू येतं. हे स्वतंत्र ॲप नाही, प्लग-इन आहे. म्हणजे आवाजाचं एडिटिंग करणाऱ्या मोठ्या ॲप्लिकेशनच्या आत आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. भिंती त्यांच्या, संसार आमचा.

आणि त्या खोलीतलं निम्मं सामान शेखरदादांनी लावलेलं.

मी इथे नवऱ्याच्या मागे डिपेंडंट म्हणून आले. पुण्यात नोकरी केलेली होती, पण मध्ये दोन बाळंतपणं आणि पाच वर्षांची गॅप. मुलाखतीला बोलावणारी ही एकच कंपनी, आणि तिथे समोर बसलेले शेखरदादा. मूळचे डोंबिवलीचे, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, राहायला आइंडहोव्हनजवळ न्यूनेनला. आठवड्यातले दोन दिवस ट्रेनने लायडनला यायचे, बाकीचे दिवस घरून काम. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "सी येतं?"

म्हटलं, ही प्रोग्रामिंगची भाषा कॉलेजात शिकले होते.

"मग झालं. ऑब्जेक्टिव्ह-सी मी शिकवतो. अवघड नाहीये, फक्त बडबडं आहे फार."

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कंटाळू नका, पुढे लागणार आहे. आमच्या प्लग-इनचे दोन भाग आहेत. आवाजावरचं गणित साध्या सी मध्ये, कारण ते झटपट व्हावं लागतं. खिडकी, बटणं, आवाजाबरोबर वर-खाली होणारा हिरवा मीटर, हे सगळं ऑब्जेक्टिव्ह-सी मध्ये, कारण मॅकवर ते सोपं पडतं. दोन्ही एकाच फाईलमध्ये शेजारी-शेजारी लिहिता येतात, आणि घोळ तिथेच होतो. सी मध्ये एखादं फंक्शन आपल्यापुरतं ठेवता येतं, बाहेर कोणाला त्याचं नावही कळत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी मधल्या क्लासचं, म्हणजे वस्तूच्या साच्याचं, नाव मात्र अख्ख्या ॲप्लिकेशनला ऐकू जातं. समजा, एकाच ॲप्लिकेशनमध्ये दोन वेगळी प्लग-इन्स राहतात आणि दोघांनीही आपल्या मीटरचं नाव 'लेव्हल मीटर' ठेवलं. मग हाक मारली की दोघांतला एकच ओ देतो. कुठला, याची हमी नाही. म्हणून प्रत्येकाने नावापुढे आपली अशी खास अक्षरं लावायची पद्धत आहे.

दादांनी 'एसएम' लावलं होतं. कंपनीच्या नावात ही दोन्ही अक्षरं नाहीत. एस म्हणजे शेखर आणि एम म्हणजे माधवी... माधवीवहिनी, त्यांची बायको. मी चिडवलं तर गंभीरपणे म्हणाले, "जगात दुसरा कोणीही हे नाव ठेवणार नाही. शुद्ध टेक्निकल कारण आहे."

दुसरी गोष्ट. ऑब्जेक्टिव्ह-सी मधल्या वस्तूला कोणीतरी धरून ठेवावं लागतं. शेवटच्याने सोडलं की ती जाते. सी ला यातलं काही समजत नाही, त्याच्याकडे फक्त वस्तूचा पत्ता असतो. "गेलेला गेला हे सी ला कोणी कळवत नाही गं," दादा म्हणायचे. "ते आपलं जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतं." मग प्लग-इन कोसळतं, आणि ज्याच्या घरात राहतो त्या ॲप्लिकेशनलाही घेऊन कोसळतं. आमच्या बहुतेक सगळ्या बग्जचं मूळ हेच.

टेस्टिंगसाठी आवाजाचे नमुने लागायचे. डच, इंग्रजी होतेच, पण दादा स्वतःच्या आवाजात मराठी नमुने करायचे. मुद्दाम गोंगाटात. स्वयंपाकघरातली चिमणी चालू ठेवून, वॉशिंग मशीनला टेकून, स्टेशनवर. आणि वाचायचं काय, तर हाताला लागेल ते. सुपरमार्केटचं ऑफरचं पत्रक, गेमेंटेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, आलेलं कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक, वहिनींनी सांगितलेली सामानाची यादी, त्यात इथलं ताक म्हणजे कार्नमेल्क आणि इथलं कस्टर्ड म्हणजे व्ला. सूर मात्र बातम्या दिल्यासारखा. "कार्नमेल्क एक लिटर. कांदे. कोथिंबीर, मिळाली तर." अशा एकेचाळीस फायली होत्या. रोज ऐकून ऐकून शेजारच्या मार्टाइनला (वरती केळं सोलत होता तोच) 'कोथिंबीर' हा शब्द पाठ झाला होता. अर्थ त्याने कधी विचारला नाही.

त्या एकेचाळीस फायली मी पुसल्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा कोडचा साठा फार जड झाला होता, नव्या मशीनवर उतरवायचा म्हणजे चहा-नाश्ता होऊन जायचा. एका शुक्रवारी मी पदर खोचून साफसफाई केली. फायली नुसत्या काढल्या नाहीत, जुन्या इतिहासातूनही काढल्या, म्हणजे कोणी मागे जाऊन शोधलं तरी सापडू नयेत. फार नीट काम केलं. बॅकअपही काही महिन्यांनी मुदत संपून गेले. दादा त्या आठवड्यात रजेवर होते. बसलेला घसा सुटत नव्हता, म्हणून हाउसआर्ट्सने, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, मोठ्या हॉस्पिटलात तपासण्यांना पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वा, हलकं झालं की! नमुने काय, परत करू."

परत करणं झालं नाही. दोन महिन्यांत त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं.

त्यानंतर दादा एक छोटी पांढरी पाटी घेऊन फिरायचे. मीटिंगमध्ये पाटी, फोनवर व्हिडिओ लावून पाटी. विनोदही पाटीवर लिहायचे, आणि आमचं वाचून होईपर्यंत हसू दाबून थांबायचे. नऊ महिन्यांनी गेले. त्यांचा ऑफिसचा लॅपटॉप नियमाप्रमाणे पुसला गेला. इतका जुना होता की कोणालाच नको होता, शेवटी मार्टाइनने तो स्वतःच्या स्क्रीनखाली उंचीला ठेवला. अजून तिथेच आहे.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "अनघा, हे ऑफिससाठी काहीबाही वाचून रेकॉर्ड करायचे ना? त्यातलं एखादं पाठव ना मला. घरातले व्हिडिओ सगळे हेच काढायचे, त्यामुळे त्यात आमचे आवाज. ह्यांचं नुसतं 'इकडे बघा, इकडे बघा'. ईशा परवा म्हणाली, आई, मला बाबांचा आवाज नीट आठवेनासा झालाय." ईशा त्यांची एकुलती मुलगी, उट्रेख्टला शिकते.

मी म्हणाले, "हो वहिनी, बघते. सर्व्हरवर असतील कुठेतरी."

नसणार हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी 'मी पुसल्या' हे दोन शब्द तोंडातून निघेनात. आणि एकदा निघाले नाहीत की मग ते रोज जास्त जड होत जातात. गणपतीत वहिनी भेटल्या, "काही घाई नाही हं." हळदीकुंकवाला भेटल्या, "सवडीने बघ." मी दरवेळी, "शोधतेय." दोन वर्षं! कुठल्याही डेडलाइनने मला दमवलं नसेल इतकं त्या एका शब्दाने दमवलं. पुढे पुढे मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जायचंच टाळायला लागले. ऑफिसातही मी फायली शोधतेय असंच सगळ्यांना वाटायचं. पुसणारी मीच, हे दादा सोडून कोणाला माहीत नव्हतं.

आता तो मंगळवार.

नव्या मॅकसाठी प्लग-इन पुन्हा बांधायचं काम माझ्याकडे होतं, आणि खिडकी बंद केली की ते कोसळत होतं. कारण साधारण कळलं होतं, तेच जुनं. मीटर निघून जातो आणि सी त्याच्या पत्त्यावर हाका मारत राहतं. नेमकं कधी ते पकडायला मी एक सेटिंग चालू केलं. त्यात गेलेल्या वस्तूंची जागा रिकामी होत नाही, तिथे एक खूण उरते, आणि कोणी तिला हाक मारली की स्क्रीनवर नोंद उमटते. या सेटिंगचं अधिकृत नाव 'झॉम्बी' आहे. मी ठेवलेलं नाही, तक्रार करायची तर मॅकवाल्यांकडे करा.

ॲप्लिकेशन उघडलं. आत एकही फाईल उघडलेली नव्हती. मायक्रोफोन नव्हता, माझ्या मशीनला तो जोडलेलाच नाही. आमचं प्लग-इन सुरू केलं, आणि खाली इशाऱ्याची एक ओळ आली. 'एसएम लेव्हल मीटर' हा क्लास दोन ठिकाणी सापडला आहे, दोघांपैकी एक वापरला जाईल, कुठला ते सांगता येत नाही. पहिलं ठिकाण माझं फोल्डर. दुसरं ठिकाण 'शेखर' नावाच्या युजरचं फोल्डर.

माझ्या मशीनवर त्या नावाचा युजर नाही. कधीच नव्हता.

मला आधी भीतीबिती काही वाटली नाही, वैताग आला. म्हटलं, जुनी कॉपी कुठेतरी राहिली वाटतं, आता तिला शोधत बसा. आणि तेवढ्यात मीटर हलला. हिरवी पट्टी थोडी वर गेली, खाली आली, परत वर. टेबलावरच्या स्पीकरमधून घरघर यायला लागली. स्वयंपाकघरातल्या चिमणीची घरघर, मी ती हजार वेळा ऐकलेली आहे. मग प्लग-इनने आपलं काम केलं. घरघर हळूहळू खाली गेली, जशी जायला हवी तशीच, आणि तिच्यातून माणसाचा आवाज वर आला.

"कार्नमेल्क एक लिटर. कोथिंबीर, मिळाली तर. दोन लिंबं. व्ला, व्हॅनिला, दोन डबे. पाटीचे मार्कर, काळे, बारीक टोकाचे. बटाटे नकोत, आहेत."

तोच बातम्यांचा सूर. मग थोडं थांबून एक छोटंसं वाक्य. ते मी शेवटी सांगते.

त्यानंतर ॲप्लिकेशन कोसळलं.

मार्टाइन खुर्चीसकट माझ्याकडे वळला होता. चेहरा इतका खुललेला! आमचं आपसात इंग्रजी चालतं, मराठीत लिहिते. "शेखर! अगं, सापडल्या तुला फायली!"

"तू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे काय? कोथिंबीर!" त्याने अगदी दादांसारखं म्हणून दाखवलं. "कुठे होत्या? त्याच्या बायकोला पाठव आधी."

"मार्टाइन, मी काही लावलंच नव्हतं."

तो उठून आला. रिकामं ॲप्लिकेशन, न जोडलेला मायक्रोफोन, सगळं त्याला दाखवलं. इशाऱ्याची ओळ त्याने स्वतः वाचली, दोनदा. मग आपल्या टेबलाशी गेला, स्क्रीन उचलली, खालचा तो जुना लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला. त्याची बॅटरीसुद्धा काढून टाकलेली आहे. त्याने तो परत ठेवला, त्यावर स्क्रीन ठेवली, आणि त्या दिवशी चार वाजताच सायकल काढून घरी गेला.

मी सवयीने प्रोग्राम परत चालवला, आणि जुन्या ओळी पुसल्या गेल्या. पुसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. नव्याने इशारा आला नाही, मीटर हलला नाही. दहा वेळा केलं, वीस वेळा केलं. कोसळल्याचा जो रिपोर्ट आपोआप तयार होतो त्यात आमचं एकच प्लग-इन दिसत होतं, दुसरं कुठलंही नाही. बांधलेल्या प्रोग्रामच्या पोटात एखादी जुनी ध्वनिफीत राहून गेली असेल म्हणून तेही उकरलं. तेवढी जागाच नव्हती त्यात.

आणि मोबाईल? मोबाईल माझ्या उजव्या हाताशी होता. अर्धं मिनिट तरी तो आवाज चालू होता. ज्याच्यासाठी दोन वर्षं एक बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, तो आवाज समोर चालू असताना मी एक बटण दाबलं नाही. नुसती ऐकत बसले. ट्रेनमध्ये बसल्यावर मला याचं इतकं रडू आलं की समोरच्या आजीबाईंनी न विचारता टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

शनिवारी मी न्यूनेनला गेले. आइंडहोव्हनपर्यंत ट्रेन, पुढे बस. वहिनींना फोनवर फक्त "येते" म्हणाले होते. त्यांनी पोहे केले होते. आणि टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी, एक नवा पेनड्राइव्ह काढून ठेवला होता.

"मावतील ना गं एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

मी बसलेसुद्धा नाही. बसले असते तर परत 'शोधतेय' निघालं असतं तोंडातून. "वहिनी, फायली नाहीयेत. मी पुसल्या होत्या. दादांच्या ऑपरेशनच्या आधीच. तुम्ही पहिल्यांदा फोन केलात तेव्हाही मला माहीत होतं."

त्यांनी पेनड्राइव्ह बाजूला सरकवला. "मग दोन वर्षं शोधत काय होतीस?"

"काही नाही."

"मी ईशाला सांगत होते, अनघामावशी शोधतेय, मिळतील. दर वेळी ती घरी आली की विचारते." त्यांचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं, अनघा."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उठून पोह्यांवर झाकण ठेवलं आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेखाली, खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

मंगळवारचं सांगू की नको, हा प्रश्न होता. आपली चूक झाकायला बाई गोष्ट रचतेय असंच कोणालाही वाटेल. तरी सांगितलं. आवाज ऐकला म्हणाले, यादी होती म्हणाले, आणि जशी आठवत होती तशी म्हणून दाखवली. कार्नमेल्क, कोथिंबीर, लिंबं. वहिनी पाठमोऱ्याच. व्ला, व्हॅनिला, दोन डबे. पाटीचे मार्कर...

त्या वळल्या. "काय म्हणालीस?"

"पाटीचे मार्कर. काळे, बारीक टोकाचे. बटाटे नकोत, आहेत."

वहिनी आतल्या खोलीत गेल्या. त्यांचा देव्हारा तिथे एका कपाटात आहे, त्याखालच्या खणाचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात एक चुरगळलेलं, परत नीट केलेलं पत्राचं पाकीट होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर दादांचं अक्षर. तीच यादी, त्याच क्रमाने, आणलेल्या प्रत्येक वस्तूवर रेघ. खाली 'बटाटे नकोत, आहेत', त्यालाही रेघ मारलेली.

"ह्यांच्या जाकिटाच्या खिशात मिळालं," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं सामान हे. दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं ते परत आलेच नाहीत. मी हे कोणाला दाखवलेलं नाही. ईशालाही नाही."

मी त्या 'मार्कर' शब्दाकडे बघत होते, आणि मंगळवारपासून डोक्यात काय टोचत होतं ते मला तेव्हा कळलं. पाटी आली ती आवाज गेल्यावर. ज्या यादीत पाटीचे मार्कर आहेत, ती यादी दादा वाचून दाखवूच शकत नव्हते. मी पुसलेल्या एकेचाळीस फायलींत ती नव्हती. ती कधी रेकॉर्डच झालेली नव्हती.

हे असं आहे. तुमच्यातले जाणकार प्रतिसादांत काही सुचवतील तर सुचवा. झोपेचं, भासाचं सांगणार असाल तर मार्टाइनला 'कोथिंबीर' कशी ऐकू आली तेही सांगा. आणि कृपा करून 'तुम्ही दमलेल्या होतात' असं लिहू नका. दमलेली मी कायमच असते, रोज काही दादा ऐकू येत नाहीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, मार्टाइनकडेही नाही. आम्ही त्यावर बोलत नाही. तो बग मी पुढच्या आठवड्यात सोडवला. खिडकी बंद व्हायच्या आधी सी ला सांगायचं, आता या पत्त्यावर कोणी नाही. एका ओळीचं काम होतं. 'एसएम' मात्र मी बदललं नाही.

त्या शनिवारचं एक राहिलं.

यादीनंतरचं ते छोटं वाक्य मी वहिनींना स्वयंपाकघरात सांगितलं नव्हतं. एवढं झाल्यावर धीर झाला नाही. निघताना पुढच्या दारात बूट घालत होते, वहिनी दार धरून उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, "बटाट्यांनंतर काही म्हणाले?"

"हो," मी म्हणाले. "म्हणाले, 'अजून काही?'"

वहिनींनी उंबऱ्याकडे बोट केलं.

"इथेच उभं राहून विचारायचे," मग म्हणाल्या. "रोज, सामान आणायला निघताना. आवाज गेल्यावर नुसत्या भुवया उचलायचे. त्या दिवशीही उचलल्या असणार. मी फोनवर होते, इन्शुरन्सवाल्यांशी भांडत. नुसता हात केला, जा म्हणून. वर बघितलंसुद्धा नाही मी."

बाहेर स्वच्छ ऊन होतं. समोर कुंपणाशी, जिथे दादांची सायकल लावलेली असायची, तिथे आता काही नव्हतं. वहिनींनी तिकडे बघितलं आणि रोज घरात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या,

"नाही हो. अजून काही नको. सावकाश या."

मग माझ्याकडे वळल्या. "पोहे तसेच राहिले तुझे. डबा भरून देते, थांब."

मी एक बूट घातलेली तशीच थांबले.